साथीत चाचणी आधी कोणाची? माणसाला विचारून संसर्गाचा अंदाज कसा बांधावा (कोकणपट्टी, किट मोजकीच)

खाडीकाठ (धागाकर्ता)

पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. आली तर कोकणात कुठून शिरेल, हे मात्र आपल्याला पुरतं ठाऊक आहे: गणपतीच्या गाड्या, १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की भरणारी बंदरं, आणि आंब्याच्या हंगामात बागेत राहायला येणारे कामगार. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. १२ ऑगस्टच्या आत गावी पोचणाऱ्याला १० दिवस घरात विलगीकरण आणि त्यानंतर येणाऱ्याला ४८ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट, असा नियम होता. नियम सरसकट होता, कारण माणसामाणसांत फरक करायचा कसा, याचं साधन नाक्यावरच्या कर्मचाऱ्याच्या हातात नव्हतं.

म्हणून हा धागा. तालुक्याला दिवसाला १०० किट आहेत आणि समोर १००० माणसं उभी आहेत, तर चाचणी आधी कोणाची? विचारून, पाहून आणि उपकेंद्रात असतात त्याच साधनांनी ठरवायचं आहे. कोविडचा अभ्यास सगळ्यात जास्त झालाय, म्हणून उदाहरणं त्याची घेऊ. औषधोपचाराची चर्चा इथे नको.

माझा कच्चा मसुदा: रुग्णाचा संपर्क, वास-चव जाणं, खोकला, ताप, थकवा, भूक मरणं, वय, स्त्री/पुरुष, मधुमेह-रक्तदाब, ऑक्सिजन, प्रवास. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि कशाला किती वजन द्यायचं?

---

सह्याद्री_पायथा

मधुमेह-रक्तदाब आणि ऑक्सिजन या यादीतून काढा. फेकू नका, फक्त दुसऱ्या रकान्यात टाका.

गोंधळ नेहमी इथेच होतो. "संसर्ग आहे का" हा एक प्रश्न आणि "असला तर किती बिघडेल" हा दुसरा. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, साठीच्या पुढचं वय ही दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत. मधुमेह असलेल्या माणसाला विषाणू शोधत येत नाही. तो घरात बसून असेल तर त्याला संसर्ग असण्याची शक्यता मुंबईहून रात्रीच्या बंद एसी गाडीने आलेल्या धडधाकट पुतण्यापेक्षा कितीतरी कमी. दोन्हींचे गुण एकत्र केले की यादीच्या वरच्या टोकाला गावातले सगळे म्हातारे येतात, किट त्यांच्यावर संपतात आणि पुतण्या आरतीला उभा राहतो.

एसपीओटूचंही (बोटाला चिमटा लावून मोजतात तो रक्तातला ऑक्सिजन) तसंच. कोविडमध्ये ऑक्सिजन उतरायचा तो बहुधा लक्षणं सुरू झाल्यावर पाच-सात दिवसांनी, तेही थोड्यांचाच. संसर्ग शोधायला तो उशिराचा निर्देशक आहे. रुग्णाला कुठे हलवायचं ते ठरवायला मात्र त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी तापमान आणि एसपीओटू मोजलं, ते योग्यच होतं. पण त्यातून आजारी माणसं सापडतात. बाधित पण ठणठणीत माणूस त्या जाळीतून निसटतो.

तेव्हा फॉर्मवर दोन चौकटी करा: डावीकडे "संसर्गाचे गुण", उजवीकडे "जोखमीचे गुण". चाचणी डावीकडच्या बेरजेवर. पॉझिटिव्ह आला तर रुग्णालय की घर, हे उजवीकडच्या बेरजेवर.

---

आशा_गटप्रवर्तक

सह्याद्री_पायथा डॉक्टरांशी सहमत, पण एक अडचण सांगते. घरात गेल्यावर कुटुंबप्रमुखच सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो, "आमच्यात कोणाक काय नाय." सुनेचा वास गेलाय हे सासऱ्याला माहीत नसतं. माणसागणिक वेगळं विचारायला हवं आणि शक्य असेल तर पडवीत एकेकाला बोलावून. आणि "लक्षणं आहेत का?" असं एकदम विचारू नये, उत्तर "नाही" असंच येतं. एकेक लक्षण नाव घेऊन, घरात बोलतात तशा भाषेत विचारायचं: "रात्री कणकण आली होती?", "अंगात कसर वाटते?", "काल जेवणाक चव लागली?", "नाकाक वास येता मां?"

तारीख विचारा, "किती दिवस झाले" नको. दिवस विचारले तर सगळे "दोन-चार" म्हणतात. "शनिवारच्या बाजाराच्या आधी की नंतर?" असं विचारलं की नेमका दिवस सापडतो.

---

शून्यपूर्णांक

वजनांबद्दल लिहितो. थोडं लांबेल, पण अख्खा मसुदा यावर उभा आहे.

२०२० साली ब्रिटनमध्ये मोबाइल ॲपवर लोकांनी स्वतः नोंदवलेल्या लक्षणांवरून एक सूत्र निघालं. चाचणी झालेले १५,६३८ जण, त्यातले ६,४५२ पॉझिटिव्ह. वास-चव गेल्याचं पॉझिटिव्हपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी सांगितलं, निगेटिव्हपैकी सुमारे २३ टक्क्यांनी. सूत्र असं:

गुण = −१.३२ − (०.०१ × वय) + ०.४४ (पुरुष असल्यास) + १.७५ (वास-चव गेली असल्यास) + ०.३१ (सततचा किंवा जोराचा खोकला) + ०.४९ (खूप थकवा) + ०.३९ (जेवण टाळलं असल्यास)

या गुणांवरून शक्यता काढायची (१ ÷ (१ + e^−गुण)) आणि ती ०.५ च्या वर गेली तर "बाधित असावा" म्हणायचं. ताप या सूत्रात टिकला नाही, हे लक्षात घ्या. वास-चवीचं वजन बाकी तिन्ही लक्षणांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे.

दोन माणसं घेऊ. पहिला ४० वर्षांचा पुरुष, वास गेलेला, खोकला, खूप थकवा: −१.३२ − ०.४० + ०.४४ + १.७५ + ०.३१ + ०.४९ = १.२७, म्हणजे शक्यता ७८ टक्के. दुसरी ६० वर्षांची बाई, वास शाबूत, खोकला, थकवा, जेवण सुटलेलं: −१.३२ − ०.६० + ०.३१ + ०.४९ + ०.३९ = −०.७३, म्हणजे सुमारे ३३ टक्के.

हे आकडे तसेच्या तसे आपल्या गावात लावले की घात होतो. ज्या माणसांवरून सूत्र निघालं त्यांच्यात ४१ टक्के बाधित होते, कारण तेव्हा तिथे चाचणी मुख्यतः आजारी माणसांचीच होत होती. गावात १०० पैकी ५ बाधित असतील तर सुरुवातीचा स्थिरांक बदलायलाच हवा. रीत सोपी आहे: नव्या प्रमाणाचा लॉग-ऑड्स (बाधित भागिले निरोगी, याचा नैसर्गिक लॉग) वजा जुन्या प्रमाणाचा लॉग-ऑड्स. ५ टक्क्यांसाठी −२.९४, ४१ टक्क्यांसाठी −०.३६, फरक −२.५८. हा फरक प्रत्येकाच्या गुणांत मिळवा. पहिला माणूस ७८ वरून २१ टक्क्यांवर येतो, दुसरी बाई ३३ वरून साडेतीन टक्क्यांवर.

क्रम बदलला नाही हे पाहा. किट मोजकी असताना आपल्याला क्रमच हवा आहे. पण "७८ टक्के" असा आकडा जर सरपंचांच्या हातात गेला, तर घराला टाळं लागेल आणि पुढच्या घरी कोणी खरं बोलणार नाही. टक्के फॉर्मवर छापू नका. अ, ब, क असे गट छापा.

---

खाडीकाठ

शून्यपूर्णांक, हेच हजार माणसांवर मांडून दाखवाल का? तालुक्याच्या बैठकीत टक्के बोलले की लोक मान डोलावतात आणि आपापल्या परीने अर्थ लावतात.

---

शून्यपूर्णांक

मांडतो. त्या सूत्राची संवेदनशीलता (बाधितांतले किती पकडले) ६५ टक्के आणि विशिष्टता (निरोगींतले किती बरोबर सोडले) ७८ टक्के होती.

गावात २ टक्के साथ: १००० पैकी २० बाधित. सूत्र त्यातले १३ पकडेल, ७ सुटतील. ९८० निरोगींपैकी २१६ जणांना विनाकारण "संशयित" ठरवेल. म्हणजे २२९ संशयितांत खरे १३, शेकडा सहाच्याही आत.

गावात २० टक्के साथ: २०० बाधित, १३० पकडले. ८०० निरोगींपैकी १७६ चुकीचे. ३०६ संशयितांत १३० खरे, शेकडा ४२.

सूत्र तेच, प्रश्न तेच, विचारणारी आशाताई तीच. बदललं ते फक्त गावातलं प्रमाण. म्हणून "या वाडीत गेल्या १४ दिवसांत किती रुग्ण" हा आकडा माणसाच्या कुठल्याही लक्षणाइतकाच फॉर्मच्या माथ्यावर हवा. तो माणसाला विचारायचा नाही, उपकेंद्राच्या नोंदवहीतून आधीच भरून न्यायचा.

---

बंदरकाठी

नाक्यावर थर्मल गनने ताप बघायचे, ते तरी ठेवायला काय हरकत आहे? एक सेकंदाचं काम आहे आणि लोकांना धाक राहतो.

---

सह्याद्री_पायथा

धाकासाठी ठेवायची तर वेगळी गोष्ट. पण गन हिरवी दिसली म्हणून माणूस सुटतो, तिथे नुकसान होतं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ५,७०० कोविड रुग्णांपैकी दारात ताप होता तो जेमतेम ३१ टक्क्यांना. ही दाखल करावी लागलेली माणसं. खारेपाटणच्या नाक्यावर गाडीतून उतरणाऱ्या, चालत्या-बोलत्या माणसांत ताप त्याहून कमीच सापडणार.

कोकणात गनचं आणखी अवघड. ती कपाळाच्या त्वचेचं तापमान मोजते. रात्रभर एसी गाडीत बसलेल्याचं कपाळ थंड, ऑगस्टच्या दमट हवेत घामाने भिजलेलं कपाळ त्याहून थंड. उलट उन्हात रांगेत उभा असलेला किंवा हेल्मेट काढून आलेला माणूस ताप नसताना तापलेला दिसतो. वापरायचीच तर:

गन त्या जागेच्या हवेत १० ते ३० मिनिटं आधी काढून ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवरून थेट नको. माणसाला सावलीत निदान १० मिनिटं बसवा. कपाळ कोरडं पुसा, केस आणि टोपी बाजूला. अंतर त्या गनच्या पत्रकात दिलेलं असेल तेवढंच, बहुतेकांत ३ ते ५ सेंटिमीटर. बटण "बॉडी" वर आहे ना ते बघा, "सरफेस" वर असेल तर ताप असलेला माणूसही ३४-३५ दाखवतो. शंका आली तर काखेत डिजिटल थर्मामीटर.

आणि गनच्या आधी एक प्रश्न: "गेल्या आठ तासांत तापाची किंवा अंगदुखीची गोळी घेतली का?" प्रवासाला निघताना पॅरासिटामॉल घेणारे खूप असतात. या प्रश्नाचं "हो" मी ताप असल्यासारखंच धरतो.

---

आशा_गटप्रवर्तक

वास गेला की नाही हे विचारण्यापेक्षा हुंगायला देऊन पाहता येतं. प्रत्येक घरात काही ना काही असतंच. पण काय द्यायचं ते ठरवून द्या, कारण ताई घाईत विक्स नाहीतर कापूर पुढे करतात.

---

सह्याद्री_पायथा

ताई, हा मुद्दा फार मोलाचा. विक्स, कापूर, पुदिना, अमृतांजन यांतलं काहीच देऊ नका. ही झणझणीत द्रव्यं नाकातल्या दुसऱ्याच मज्जातंतूला, चेहऱ्याच्या संवेदनेच्या तंतूला, चेतवतात. ज्याची घ्राणशक्ती पूर्ण गेली आहे त्यालाही नाकात थंडावा किंवा झणझण जाणवते आणि तो "येतो की वास" म्हणतो.

कॉफी पावडर सगळ्यात सोयीची. जायफळाची पूड चालेल. घरात सुकट असेल तर तीही चालेल, किनाऱ्यावर तिचा वास न ओळखणारा माणूस दुर्मीळ. पद्धत: चिमूटभर कागदाच्या पुडीत, डोळे मिटायला सांगून, एक नाकपुडी दाबून दुसरीखाली दोन सेंटिमीटरवर धरायची, दोन साधे श्वास. मग दुसरी नाकपुडी. "वास येतो का" एवढ्यावर थांबू नका, "कशाचा" हेही विचारा. प्रत्येकाला नवी पुडी, वापरलेली तिथेच कचऱ्यात. ताईच्या तोंडावर मास्क, माणसाचा मास्क फक्त नाकाखाली आणि हे सगळं अंगणात, कारण त्या क्षणी तो समोरच श्वास सोडत असतो.

नाक चोंदलेलं असेल तर गुण अर्धे धरा. सर्दीने वास जातो तो नाक बंद झाल्याने. कोविडमध्ये नाक मोकळं असूनही जायचा. "नाक मोकळं, वास गायब, तोही एकाएकी" या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पूर्ण गुण. तपकीर ओढणारे आणि रसायनांच्या कारखान्यात काम करणारे यांचा वास आधीपासूनच मंद असू शकतो, म्हणून "पूर्वी येत होता का?" हे आधी.

---

शून्यपूर्णांक

वास या लक्षणालाही वय आहे, हे इथेच नोंदवतो. डेल्टाच्या काळात ब्रिटनच्या त्याच नोंदींत सुमारे ५३ टक्के बाधितांनी वास गेल्याचं सांगितलं होतं, ओमायक्रॉनमध्ये ते १७ टक्क्यांवर आलं आणि घसा दुखणं वाढलं. २०२० चं सूत्र २०२२ मध्ये वापरणारा माणूस बहुतेक रुग्ण सोडून देत होता. फॉर्मवर "या तारखेपर्यंत वैध" असं छापा आणि दर महिन्याला तपासा. पुढची साथ फ्ल्यूची निघाली तर वास जवळपास निरुपयोगी ठरेल आणि अचानक चढलेला ताप व खोकला ही जोडी वर येईल. २००९ च्या स्वाइन फ्ल्यूत म्हाताऱ्यांपेक्षा तरुण आणि मुलंच जास्त बाधित झाली होती, म्हणजे वयाचं वजनही बदलेल.

---

बंदरकाठी

गनचं पटलं. आता संपर्काबद्दल विचारतो. "बाधित माणसाच्या संपर्कात आलात का?" याला बंदरावर उत्तरच मिळत नाही. होडीवरचा खलाशी एकेका फेरीत अनेक दिवस त्याच पाच-सहा जणांबरोबर असतो, रात्री एकाच केबिनमध्ये झोपतो. कोणाची चाचणीच झालेली नसते, मग बाधित कोण ते कळणार कसं?

---

सह्याद्री_पायथा

म्हणून प्रश्न माणसाबद्दल कमी आणि हवेबद्दल जास्त ठेवायचा. संपर्क हा सगळ्यात वजनदार घटक. इस्रायलमध्ये ५१,८३१ चाचण्यांवर आठ हो-नाही प्रश्नांचं प्रारूप केलं होतं: स्त्री/पुरुष, वय ६० च्या वर, बाधिताचा संपर्क, खोकला, ताप, घसादुखी, धाप, डोकेदुखी. त्यातही ज्ञात संपर्क हा अंदाजाला वर ढकलणाऱ्या अगदी मोजक्या घटकांपैकी होता. पण "ज्ञात" हा शब्द चाचण्या भरपूर असलेल्या देशात चालतो. आपण असे चार प्रश्न करू:

गेल्या १० दिवसांत घरात किंवा होडीवर कोणाला ताप-खोकला होता का? (चाचणी झाली असो वा नसो.)

बंद एसी वाहनात दोन तासांपेक्षा जास्त बसलात का?

बंद खोलीत भजन, आरती, डबलबारीला (भजनाच्या जुगलबंदीला) बसलात का? मोठ्याने गाताना तोंडातून सूक्ष्म थेंब खूप बाहेर पडतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात मार्च २०२० मध्ये गायनवृंदाच्या अडीच तासांच्या एका सरावाला ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले. उघड्या मांडवातलं भजन आणि दारं-खिडक्या लावलेल्या माजघरातलं भजन यांना वेगळे गुण द्या, पावसाळ्यात हा फरक मोठा असतो.

एकाच खोलीत किंवा केबिनमध्ये किती जण झोपता?

होडीसाठी माणूस सोडून होडी हाच एक घटक धरा. एकाला लक्षण असेल तर सगळ्या खलाशांची चाचणी, संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. त्याआधी केली तर विषाणू सापडण्याइतका वाढलेला नसतो आणि निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घेऊन माणूस पुन्हा समुद्रावर जातो.

---

लॅबवाला

ग्रामीण रुग्णालयात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) होत असेल तर दोन गोष्टी फुकटात मिळतात. लिम्फोसाइट १००० च्या खाली आणि इओसिनोफिल शून्य किंवा जवळपास शून्य (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार). कोविडमध्ये हे दोन्ही वारंवार दिसलं.

मात्र सावध राहा. लहान रुग्णालयात बहुधा थ्री-पार्ट काउंटर असतो. तो पेशी लिम्फोसाइट, मिड आणि ग्रॅन्युलोसाइट अशा तीनच ढिगांत वाटतो, इओसिनोफिल वेगळे दाखवतच नाही. रिपोर्टवर इओसिनोफिलचा आकडा असेल तर तो कोणीतरी स्लाइडवरून मोजलाय की अंदाजाने टाकलाय, हे विचारा. खरा आकडा हवा तर लीशमन रंगाने रंगवलेली स्लाइड आणि किमान १०० पेशींची मोजणी. रुग्ण स्टिरॉइड घेत असेल तर इओसिनोफिल तसेही नाहीसे होतात, तेव्हा गुण देऊ नका.

---

खाडीकाठ

पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा ताप) आणि डेंगी असतात, तेव्हा या सगळ्या घटकांची सरमिसळ होणार नाही का?

---

सह्याद्री_पायथा

होणारच. ब्रिटन-इस्रायलची सूत्रं कोकणात अडतात ती इथे. तिथे तापाचा दुसरा दावेदार फ्ल्यू. इथे जुलै ते ऑक्टोबर लेप्टो, डेंगी, मलेरिया, आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला हिवाळ्यापासून मेपर्यंत माकडताप. त्यामुळे संसर्गाच्या गुणांबरोबर "दुसरं काही असण्याचे" वजा गुणही हवेत.

लेप्टोसाठी: गेल्या महिन्याभरात लावणी-चिखलणीला अनवाणी उतरला का, पायाला चीर किंवा जखम आहे का. मग पोटरी दाबून पाहा. नुसतं "अंग दुखतं" सगळ्याच तापांत असतं. लेप्टोमध्ये पोटरीवर अंगठा दाबला की माणूस पाय मागे ओढतो. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. लघवी कमी किंवा डोळे पिवळे असतील तर कोविडचा फॉर्म बाजूला ठेवून आधी रुग्णालयात.

डेंगीसाठी: डोळ्यांच्या मागे दुखणं, पुरळ, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरत जाणं. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (डेंगीच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी रक्तचाचणी) करा. केवळ आयजीएम अँटिबॉडीच्या रॅपिड पट्टीवर विसंबू नका. सिंगापूरमध्ये २०२० साली कोविडचे रुग्ण डेंगीच्या अँटिबॉडी पट्टीवर खोटे पॉझिटिव्ह आले आणि सुरुवातीला डेंगी म्हणूनच त्यांच्यावर उपचार झाले.

माकडतापासाठी: काजूच्या बागेत किंवा रानात जाणं, गोचीड, आणि परिसरात माकडं मेलेली दिसणं.

वजा गुण दिले म्हणून चाचणी रद्द होत नाही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात. वजा गुणांनी फक्त रांगेतली जागा ठरते, आणि दुसऱ्या आजाराची चाचणी त्याच दिवशी लागते.

---

लॅबवाला

रॅपिड अँटिजेनबद्दल एवढंच. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून २०२० मध्ये मान्य केलेल्या पहिल्या किटची संवेदनशीलता तपासणीत ५०.६ ते ८४ टक्के भरली, विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के. म्हणून लक्षणं असलेला माणूस निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर करायचीच, हे त्याच सूचनेत होतं. निकाल १५ मिनिटांनी वाचा, ३० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरू नका. किट २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली किट वापरू नका.

---

शून्यपूर्णांक

लॅबवाल्यांच्या आकड्यांना माझं उदाहरण जोडतो. किटची संवेदनशीलता ६० आणि विशिष्टता ९९.५ धरली, तर वरचा ४० वर्षांचा माणूस (आधीची शक्यता २१ टक्के) निगेटिव्ह येऊनही जवळपास १० टक्के शक्यतेवर उरतो. त्याला "निगेटिव्ह आहेस, जा" म्हणणं चूक. उलट २ टक्के साथीच्या गावात सरसकट किट वापरली तर १०० पॉझिटिव्हपैकी २९ खोटे निघतील.

आता तालुक्यानेच स्वतःची वजनं काढायची ठरवली तर तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, कोरा रकाना. "नाही" आणि "विचारलंच नाही" यांत फरक न ठेवणारा फॉर्म मातीमोल. इस्रायलच्या त्या अभ्यासातही डोकेदुखी, घसादुखी, धाप यांची नोंद पॉझिटिव्ह लोकांबाबत जास्त कसोशीने झाल्याचं दिसलं. ते तीन प्रश्न वगळल्यावर प्रारूपाची ताकद (बाधित आणि निरोगी वेगळे ओळखण्याचं माप, १ म्हणजे अचूक) ०.९० वरून ०.८६ वर आली. माणूस पॉझिटिव्ह कळल्यावर पुन्हा जाऊन खोदून विचारलं की लक्षणं सापडतातच. फॉर्म चाचणीच्या आधी भरून बंद व्हायला हवा, नंतर खाडाखोड नको. प्रत्येक प्रश्नाला तीन चौकटी: हो, नाही, विचारलं नाही.

दुसरी, फक्त जास्त गुणवाल्यांचीच चाचणी केली तर आपलं सूत्र बरोबरच ठरत राहील, कारण कमी गुणवाल्यांतले बाधित कधी दिसणारच नाहीत. १०० पैकी ८० किट वरच्या क्रमाने वापरा, २० किट चिठ्ठ्या टाकून उरलेल्यांतून. या २० किटबद्दल बैठकीत भांडण होईल, तरी ती सोडू नका. धूम्रपान करणाऱ्यांना कोविड कमी होतो, असे निष्कर्ष २०२० मध्ये निघाले त्याचं एक मोठं कारण हेच होतं: ज्यांची चाचणी झाली, ज्यांना दाखल केलं, त्यांच्यावरूनच सगळ्यांचा हिशेब केला गेला.

तिसरी, प्रत्येक घटकामागे निदान १० पॉझिटिव्ह हवेत. सात घटकांना ७०. त्याआधी वजनं काढली तर आकडे सुंदर येतात आणि पुढच्या आठवड्यात कोसळतात. तोपर्यंत साधे गुण वापरा.

---

खाडीकाठ

सगळ्यांचं धरून सुधारित मसुदा. शून्यपूर्णांक, हे साधे गुण तात्पुरते समजा, वजनं आपल्या नोंदींवरून बदलू.

माथ्यावर: वाडी, गेल्या १४ दिवसांतले रुग्ण, फॉर्मची वैधता.
संसर्ग: घरात/होडीवर तापाचा माणूस ४, नाक मोकळं असून वास एकाएकी गेला ४, बंद एसी प्रवास २, बंद खोलीत गायन किंवा दाटीने झोप २, ताप किंवा आठ तासांत तापाची गोळी १, खोकला १, थकवा किंवा जेवण सुटणं १.
वजा: पोटरी दाबल्यावर दुखणं आणि चिखलात काम −२, पुरळ आणि डोळ्यांमागे दुखणं −१.
६ च्या वर गट अ, ३ ते ६ गट ब, बाकी क. जोखमीचे गुण उजवीकडे वेगळे.

---

आशा_गटप्रवर्तक

क्रम बदला. वासाची पुडी शेवटी ठेवा, मास्क तेव्हाच खाली येईल. पोटरी त्याच्या आधी, माणूस बसलेला असतानाच. एसपीओटू त्याहून आधी लावून ठेवा म्हणजे प्रश्न विचारेपर्यंत आकडा स्थिर होतो. नखाला मेंदी किंवा पॉलिश असेल, किंवा जाळं ओढून बोटाची कातडी जाड झाली असेल, तर बोट बदला, हात गार असेल तर आधी चोळून घ्या. बंदरावर दुपारी जाऊ नका. होड्या लागतात आणि लिलाव सुरू होतो त्याच्या मधल्या वेळात सगळे खलाशी जागेवर भेटतात.

---

बंदरकाठी

ताई, ती वेळ बंदराबंदरागणिक वेगळी. हर्णैला लिलाव सकाळी आणि संध्याकाळी, मिरकरवाड्याला होड्या वेगळ्या वेळी लागतात. तिथल्या मच्छीमार सोसायटीत आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं बरं. आणि तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) आधी विश्वासात घ्या, त्याने सांगितलं की होडीवरचे सगळे एकदम फॉर्म भरतात. नेपाळी आणि कानडी खलाशांसाठी प्रश्न त्यांच्या भाषेत एका कागदावर लिहून न्या, नाहीतर तांडेलच सगळ्यांची उत्तरं देईल.